जुन्या वॅगन-आरला कुठला स्कॅनर घ्यावा?

पत्र: "नमस्कार. माझ्याकडे २००९ ची वॅगन-आर एलएक्सआय आहे. पेट्रोल, एमएच-१३ पासिंग. चार वर्षांपूर्वी ओळखीतून जुनी घेतली. रोज बार्शी ते वैराग नोकरीला येणं-जाणं. दोन महिन्यांपासून चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतोय. सकाळी स्टार्टिंगला त्रास, अ‍ॅव्हरेजही पडलंय. इथल्या मेकॅनिकने स्कॅनर लावला आणि ऑक्सिजन सेन्सर गेलाय म्हणून सांगितलं. ३,८०० रुपयांत बदलला. आठव्या दिवशी दिवा परत हजर. आता तो म्हणतो ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बघावा लागेल. मी ठरवलंय, स्वतःचाच स्कॅनर घ्यायचा. मेहुणा म्हणतो ६०० रुपयांचा ब्लूटूथवाला घ्या, मोबाइलवर सगळं दिसतं. दुकानदार ३,२०० चा स्क्रीनवाला दाखवतो. ऑनलाइन २४,००० चा टॅब्लेटवाला आहे, तो सगळ्या गाड्यांना चालतो म्हणे. बजेट पाच-सहा हजार. इंग्रजी जेमतेम. कुठला घेऊ?" (एक वाचक, बार्शी)

नमस्कार,

या आठवड्यात कुठलाच घेऊ नका. पैसे खिशात ठेवा आणि आधी मी सांगतो ती एक चाचणी करा. त्याला फार तर तीन-चारशे रुपये लागतील, पण तुमचे तीन हजार वाचतील किंवा योग्य जागी जातील.

अडचण तुमच्या गाडीच्या वयाची आहे. आपल्याकडे गाडीत ओबीडी (बिघाड स्वतः ओळखून ठरलेल्या भाषेत सांगणारी यंत्रणा) असलंच पाहिजे हा नियम भारत स्टेज ४ या धुराच्या प्रदूषणाच्या नियमाबरोबर आला: एप्रिल २०१० पासून पहिला टप्पा, एप्रिल २०१३ पासून दुसरा, म्हणजे ज्याला जग ओबीडी-२ म्हणतं तो. अमेरिकेत हेच १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचं होतं. गंमत बघा, २०१० मध्ये स्टेज ४ फक्त तेरा शहरांत लागू झाला आणि त्या यादीत मुंबई-पुण्याच्या जोडीला आपलं सोलापूरही होतं. वॅगन-आरमध्येही त्याच वर्षी जुनं १,०६१ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन जाऊन तीन सिलिंडरचं के-१० आलं. तुमची गाडी या सगळ्याच्या एक वर्ष आधीची. वर्षभराने हुकली म्हणा ना.

म्हणून ती मुकी आहे असं नाही. तिच्यात कॉम्प्युटर आहे, सेन्सर आहेत, चूक सापडली की दिवाही लावते. पण सगळ्या जगाला कळेल अशा ओबीडीच्या भाषेत बोलायचं बंधन तिच्यावर नव्हतं. त्या काळात कंपन्या आपापल्या बोलीत बोलायच्या. काही गाड्या दोन्ही बोलतात, काही फक्त घरचीच. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांतही फरक निघतो, त्यामुळे "वॅगन-आरला चालतो" असं दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला तरी त्याचा अर्थ एवढाच, की कुठल्या तरी वॅगन-आरला चालला असेल.

आता ती चाचणी. तुमच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही मेकॅनिककडे जा आणि गाडी स्कॅन करून घ्या. काम चालू असताना बाजूला चहा पीत बसू नका, त्याच्या शेजारी उभे राहा. मोठा स्कॅनर सुरू झाला की साधारण दोन वाटा दाखवतो. एक कंपन्यांच्या नावांची, तिथे मारुती किंवा सुझुकी निवडून मग मॉडेल निवडायचं. दुसरी नुसती "ओबीडी-२" किंवा "ईओबीडी" (त्याचंच युरोपी नाव) लिहिलेली. मेकॅनिक सवयीने पहिल्या वाटेने जाईल. त्याचं काम झालं की त्याला म्हणा, "आता एकदा ईओबीडीमधून जोडून दाखवा." त्या वाटेने गाडीने उत्तर दिलं, कोड आणि इंजिनचे आकडे आले, तर साधा स्कॅनर तुमच्या गाडीला चालू शकतो. नाही दिलं, "कम्युनिकेशन एरर" आली, तर ६०० चा काय आणि ३,२०० चा काय, दोन्ही तुमच्या घरात टॉर्चच्या शेजारी पडून राहतील. कारण हे स्वस्त स्कॅनर फक्त दुसरी वाट जाणतात.

जाण्याआधी घरी एक गोष्ट बघून ठेवता येईल. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर, डॅशबोर्डच्या पोटाशी वाकून टॉर्च मारा. सोळा पिनांचं सॉकेट असेल तर वर आठ, खाली आठ अशा दोन ओळी दिसतील, एक बाजू थोडी रुंद. रुंद बाजू वर धरली तर वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६. सगळ्या खाचांत पितळ नसतं, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर लोक समजतात पिना तुटल्यात. ४ आणि ५ अर्थिंगच्या, १६ नंबरला बॅटरीचा थेट करंट. ६ आणि १४ भरलेल्या असतील तर स्कॅनरशी बोलायची नव्या पद्धतीची वायर, म्हणजे कॅन लाइन. फक्त ७ (कधी सोबत १५) भरलेली असेल तर जुनी के-लाइन. तुमच्या वयाच्या गाडीत मला के-लाइनची अपेक्षा आहे. सॉकेटच वेगळं, लहान निघालं तर साध्या स्कॅनरचा विषय तिथेच संपला. आणि एक लक्षात ठेवा, सोळा पिनांचं सॉकेट दिसलं म्हणजे ओबीडी-२ आहेच असं नाही. मराठी शाळेची पाटी लावलेल्या इमारतीत आत कुठली भाषा शिकवतात ते आत गेल्याशिवाय कळत नाही, तसं आहे ते.

के-लाइनवर थोडं थांबतो, कारण मेहुण्यांचा सल्ला इथेच अडकतो. ही लाइन संथ आहे. सेकंदाला १०,४०० बिट, नव्या कॅनवर पाच लाख. शिवाय तिच्यावर बोलणं सुरू करायची एक जुनी रीत आहे: स्कॅनरने आधी अगदी सावकाश, सेकंदाला पाच बिटांच्या गतीने हाक मारायची, मग गाडी उत्तर देते. वेळ थोडी जरी चुकली तरी गाडी गप्प. ६०० रुपयांचे ब्लूटूथ डोंगल ज्या चिपच्या नावाने विकले जातात ती ईएलएम ३२७ मूळची कॅनडातल्या एका छोट्या कंपनीची. तिच्या नकलांनी बाजार भरला. डब्यावर "व्हर्जन १.५" लिहिलेलं दिसेल. मूळ कंपनीने १.५ नावाचं व्हर्जन कधी काढलंच नव्हतं! नव्या गाड्यांवर या नकला बऱ्यापैकी चालतात. पण काहींत के-लाइनचा भाग अर्धवट असतो, जोडणी होते आणि दोन मिनिटांत तुटते. मग माणूस गाडीला दोष देतो.

आणि हो, डोंगल लावल्यावर त्याचा लाल दिवा लागला म्हणजे गाडीशी बोलणं झालं असं समजू नका. तो दिवा १६ नंबरच्या करंटवर लागतो. त्याला फक्त वीज पोचली, एवढंच. दिवाच लागला नाही तर डोंगल परत करण्याआधी फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत या सॉकेटचा आणि सिगारेट लायटरचा फ्यूज एकच असतो, आणि मोबाइल चार्जरने तो कधीच उडवलेला असतो.

चाचणीत गाडी ईओबीडीवर बोलली, तर माझं मत ३,२०० च्या स्क्रीनवाल्याकडे झुकतं. मोबाइल नाही, अ‍ॅप नाही, ब्लूटूथचा पासवर्ड नाही. सॉकेटात खोचला की त्याच्यावरच वीज घेतो आणि चालू होतो. घरात दोन-तीन गाड्या असत्या, त्यातली एखादी नवी असती, तर मीही म्हणालो असतो, चांगला डोंगल घ्या. मेहुण्यांचा मोबाइल आयफोन असेल तर त्यांना वेगळं सांगा: साधा स्वस्त ब्लूटूथ डोंगल त्याला जोडला जात नाही, वायफायचा किंवा ब्लूटूथ लो-एनर्जीचा लागतो.

पण स्क्रीनवाला घेताना एकच प्रश्न विचारा: "लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे, दिसतो का?" याच किमतीत असे यंत्रही मिळतात जे फक्त कोड वाचतात आणि पुसतात. ते घेऊ नका. तुमच्या ३,८०० रुपयांचं जे झालं ते कोडवर विश्वास ठेवल्याने झालं, आणि नुसते कोड वाचणारं यंत्र तुमच्याकडूनही तेच करून घेईल. दुकानदाराला गाडीवर लावून दाखवायला सांगा, मग पैसे द्या. ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची मुदत बघून घ्या आणि खोकं फाडू नका.

२४,००० च्या टॅब्लेटचा विचार सोडा. असे स्कॅनर कंपनीच्या बोलीतही बोलतात, एबीएस आणि एअरबॅगपर्यंत पोचतात, चावी प्रोग्रॅम करतात. तुमच्या एलएक्सआयमध्ये यातलं वाचण्यासारखं काय आहे? गॅरेजवाल्याला तो परवडतो, कारण रोज पाच गाड्या येतात. शिवाय बऱ्याच टॅब्लेटना वर्षा-दोन वर्षांनी अपडेटचे पैसे भरावे लागतात. त्या पैशात तुमची गाडी साठ-सत्तर वेळा स्कॅन करून मिळेल, आणि तेवढ्या वेळा बिघडली तर ती विकलेलीच बरी.

याच दुकानात तुम्हाला "ओबीडीत लावा, अ‍ॅव्हरेज वाढवा" अशा रंगीत डब्या दिसतील. उघडून बघितल्यात. आत लुकलुकणारे दिवे असतात. पुढे जाऊ.

आता ऑक्सिजन सेन्सरबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न स्कॅनरचा नाही, दिव्याचा आहे. स्कॅनर निदान करत नाही. तो इंजिनच्या कॉम्प्युटरची तक्रार वाचून दाखवतो. ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या वाटेवर बसून धुरात ऑक्सिजन किती उरला ते सांगतो. पेट्रोल जास्त पडत असेल तर तो तसं सांगणार. कमी पडत असेल तर तसं. तक्रारीत त्याचं नाव येतं म्हणून त्यालाच बदलणं म्हणजे पावसाची बातमी देणाऱ्याला भिजवल्याबद्दल मारणं. सेन्सर खराब होतो, नाही असं नाही. पण नवा टाकूनही आठ दिवसांत दिवा आला याचा अर्थ आधी दुसरीकडे बघायला हवं होतं. ईसीएमवर तर अजिबात जाऊ नका. ज्या माणसाने एक पार्ट अंदाजाने बदलला तो दुसराही अंदाजानेच बदलणार, आणि हा अंदाज बराच महाग आहे.

सकाळी स्टार्टिंगला त्रास, अ‍ॅव्हरेज कमी आणि धुराच्या सेन्सरची तक्रार, हे तिन्ही एकत्र आले की माझी पहिली शंका पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरवर जाते. किंवा त्याच्या वायरवर. तो सेन्सर थंड असताना जास्त अडथळा दाखवतो, गरम झाला की कमी. साधारण २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. कनेक्टरमध्ये हिरवा गंज चढला की त्या गंजाचा अडथळा यात मिसळतो. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गार आहे. तो जास्त पेट्रोल ओततो. धुरात कच्चं पेट्रोल, ऑक्सिजन सेन्सर ओरडतो, आणि नवा सेन्सर टाकला तरी ओरडतच राहतो.

मला हे एका उन्हाळ्यात कळलं. माझ्याच जुन्या गाडीचा असाच त्रास होता. एका गॅरेजने प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, बिल घेतलं. मी घरी स्कॅनर लावला तर बाहेर ४२ अंश आणि स्क्रीनवर इंजिनचं तापमान उणे ४०! वायर पूर्ण तुटली की बऱ्याच गाड्या हाच आकडा दाखवतात, कारण त्यांच्या हिशेबात अडथळा अनंत म्हणजे थंडी टोकाची. बोनेट उघडून बघितलं तर उंदराने कनेक्टरच्या मागची वायर कुरतडली होती. दोन इंच वायर आणि थोडी टेप. तुमच्याकडे गाडी रात्री कुठे असते? गोडाऊनशेजारी, कडब्याच्या गंजीजवळ लावत असाल तर आधी वायरिंग बघा, मग बाकी सगळं.

म्हणून लाइव्ह डेटाचा आग्रह. कोड तुम्हाला एवढंच सांगतो की कुठे दुखतंय. तापमानाचा सेन्सर वीस अंशांनी खोटं बोलत असेल तर त्याचा कोड येईलच असं नाही. आकडा पटण्यासारखा असतो, फक्त चुकीचा असतो. तो पकडायची रीत सोपी आहे. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी इंजिन सुरू न करता चावी ऑन करा आणि स्कॅनरवर पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. रात्रभर दोघं एकाच हवेत उभे होते, तेव्हा आकडे दोन-चार अंशांच्या फरकाने सारखेच हवेत. एक २४ आणि दुसरा ३ दाखवत असेल तर चोर सापडला. मग सुरू करून इंजिन गरम होऊ द्या. पाणी ८५ ते ९५ च्या आसपास जाऊन थांबायला हवं. तीस मिनिटांनीही ६५ वरच घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, बघा. तो उघडा अडकला असेल, किंवा कुणी तरी "उन्हाळ्यात गरम होते" म्हणून काढूनच टाकला असेल. जुन्या गाड्यांत हे फार बघितलंय.

इंजिन गरम झाल्यावर पुढचा ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सतत वर-खाली नाचायला हवा. नाचतोय म्हणजे तुमचा नवा सेन्सर जिवंत आहे. वरच चिकटला तर पेट्रोल जास्त, खाली चिकटला तर कमी किंवा कुठून तरी हवा शिरतेय. "फ्यूल ट्रिम" नावाचे, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते सांगणारे, दोन आकडे दिसतील, छोट्या मुदतीचा आणि लांब मुदतीचा. दहा टक्क्यांच्या आत अधिक किंवा उणे असले तर काळजी नाही. लांब मुदतीचा उणे वीसवर गेला असेल तर कॉम्प्युटर पेट्रोल कमी करून करून थकलाय.

इंग्रजीची भीती बाळगू नका. कोड जगभर सारखेच असतात आणि वाचायला सोपे आहेत. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन आणि गिअर. त्यानंतर शून्य असेल तर सगळ्यांना सामायिक कोड, एक असेल तर कंपनीचा खास. तिसरी जागा महत्त्वाची: १ किंवा २ असेल तर हवा आणि पेट्रोल, ३ असेल तर स्पार्क, ४ असेल तर धूर. पी ०११८ म्हणजे पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरची वायर तुटल्यासारखी, पी ०१३० पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या सर्किटची तक्रार, पी ०१७१ म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, पी ०३०० म्हणजे इंजिन मिसिंग करतंय. मेकॅनिकने सेन्सर बदलला तेव्हा यातला कुठला आला होता, कागदावर लिहून दिला होता का? नसणार. यापुढे कोड लिहून घेतल्याशिवाय पुसू देऊ नका. पुसला की दिवा विझतो, पण सोबत बिघाड झाला त्या क्षणाची नोंदही जाते: तेव्हा वेग किती होता, इंजिन गार होतं की गरम. गाडीने एवढं टिपून ठेवलेलं असतं आणि आपण ते वाचण्याआधीच पाटी पुसतो.

आणि गाडी ईओबीडीवर बोललीच नाही तर? मग स्कॅनर घेऊ नका, वाईट वाटून घेऊ नका. पाच-सातशेचं मल्टिमीटर घ्या. खरं तर ते दोन्ही बाबतीत घ्याच. जुन्या गाडीचे निम्मे आजार वायर, अर्थिंग आणि कनेक्टरचे असतात, आणि तिथे स्कॅनरपेक्षा मल्टिमीटर खरं बोलतं. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.४, इथून सुरुवात करा. सेन्सरचे ओहम वर दिलेच आहेत. त्या काळच्या सुझुकीच्या बऱ्याच गाड्यांत आणखी एक सोय असायची: ठरलेल्या दोन पिना जोडल्या की चेक इंजिनचा दिवाच लुकलुकून कोड सांगतो. एक लुकलुक, थोडा थांबा, मग दोन लुकलुक म्हणजे १२, अर्थात सगळं ठीक. १३ ऑक्सिजन सेन्सर, १४ पाण्याचा सेन्सर. पण कुठल्या पिना ते तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून किंवा जुन्या जाणत्या मारुती मिस्त्रीकडूनच घ्या. चुकीच्या दोन पिना जोडल्या तर खरोखरच ईसीएम बघावा लागेल.

स्कॅनर घेतलात तर काम झाल्यावर काढून ठेवा. १६ नंबरला चावी काढल्यावरही करंट असतो. महिनाभर डोंगल तिथेच राहिला तर जुनी बॅटरी एखाद्या सकाळी मान टाकते, आणि मग त्याच्यासाठीही कुणी तरी एखादा सेन्सर बदलतो.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत. गाडीला गॅस किट आहे का? असेल तर हे सगळे आकडे आधी निव्वळ पेट्रोलवर चालवून घ्या, मग गॅसवर, आणि वेगळे लिहा. गॅसवर चालताना कॉम्प्युटर जे शिकतो ते पेट्रोलवर चुकीचं ठरतं, आणि किटच्या जोडणीतल्या एका ढिल्या वायरमुळे ऑक्सिजन सेन्सरचा दिवा लागलेला मी बघितलाय.

तर कोडचा नंबर, सकाळच्या गार इंजिनाचे ते दोन तापमानाचे आकडे आणि किट आहे की नाही, एवढं कळवा. पुढच्या पत्रात त्यावरून बोलू.